धुतलेला सांबार

देवमन : म्हंजे माह्या सांबाराले कावीळ झाली, असं म्हनून राहिल्या का तुमी?

मैथिली : सांबाराला नाही होत, देवमनकाका. माणसांना होते. तुमच्या सांबारावर, म्हणजे कोथिंबिरीवर, काविळीचा विषाणू सापडलाय, एवढंच म्हणतेय मी.

देवमन : हा वाफा पाहा बरं. एक पान तरी पिवळं हाय? कावीळ असती तं पयले पानच पिवळं पडलं असतं. एवढं तं मले बी समजते.

मैथिली : पानाला काहीच होत नाही. ते फक्त त्याला घेऊन फिरतं.

माया : बाबा, मॅडमले बसू तर द्या. अमरावतीहून एवढ्या उन्हात गाडीवर आल्या त्या. मॅडम, या बाजेवर बसा. आई अकोल्याले गेली आहे, नाहीतर तिनं तुमाले असं उभं नसतं ठेवलं.

देवमन : बसा, बसा. पन पयले मले सांगा, तो इषानू तुमी डोयानं पायला?

मैथिली : डोळ्यांना नाही दिसत तो. प्रयोगशाळेत आम्ही पानं खंगाळतो, ते पाणी गाळत गाळत थेंबभर उरवतो आणि मशीनमध्ये घालतो. मशीन त्याची खूण शोधून देतं.

देवमन : म्हंजे निशानी सापडली. तो सोता नाई सापडला.

मैथिली : हे मात्र खरं आहे. खूण सापडली म्हणजे तो जिवंतच असेल असं नाही. पण...

देवमन : पाय माया! मेला असन तो. अन् मेलेल्याचं काय भेव?

मैथिली : ...पण मेलाच असेल असंही नाही. आणि तो विहिरीच्या पाण्यातही सापडलाय.

देवमन : इहिरीत बी?

मैथिली : हो. गंमत ऐका. बारा दिवसांपूर्वी मी आले, तेव्हा तीन नमुने नेले होते. एक विहिरीचं पाणी. एक वाफ्यातली कोथिंबीर, मी माझ्या हातानं तोडलेली. आणि एक जुडी, बाजारासाठी तुम्ही बांधून ठेवलेली. वाफ्यातल्या पानांवर काहीही नाही. तुमचं ठिबक आहे, पाणी मुळाशी जातं, पानाला लागत नाही. जुडीवर मात्र सापडला.

देवमन : होऊच नाई शकत. जुडी तं मी सोता धुतली होती! तुमी तपासाले येनार म्हनून दोनदा धुतली!

मैथिली : कशानं?

देवमन : कशानं म्हंजे? इहिरीच्या पान्यानं.

माया : बाबा...

देवमन : थांब वं तू. आख्ख्या मोर्शीच्या बजारात सांबार धुऊन इकनारा मी एकटा मानूस हाय, मॅडम. बाया इचारत येतात, देवमनभाऊचा धुतलेला सांबार कुठं हाय म्हनून. धुतला अन् खराब झाला, हे मी जिंदगीत पयल्यांदा आयकून राहिलो.

मैथिली : काका, न धुता विकला असतात तर चांगला होता.

देवमन : घ्या! उद्या म्हनान, आंघोळ केली म्हनून मानूस मळला.

मैथिली : पाणी तसं असेल तर मळेलच. आता विहिरीत हा आला कुठून, ते बघायला हवं. ती पत्र्याची खोली कसली?

देवमन : संडास हाय. बायांसाठी. तानुबाई, मैनाबाई, अजून सहाजनी सांबार तोडाले येतात. दिवसभर वाकून काम करतात, त्याईनं जावं कुठं? ह्या शिवारात दुसऱ्या कोनाच्या वावरात दाखवा मले असा संडास. बांधला तवा लोक हसले. देवमन पिकापेक्षा संडासाले जपते, म्हने. हसा म्हनलं.

माया : पहिल्या दिवशी तानुबाई रडली होती, मॅडम. एवढ्या वर्षांत कोणी इचार नाही केला आमचा, म्हणाली.

मैथिली : फार चांगलं काम केलंत काका, मनापासून सांगते. खड्डा कुठे घेतलाय त्याचा?

देवमन : हा काय मागं. बायाईले पान्यासाठी दूर जा लागू नये म्हनून इहिरीच्या जवळच घेतला.

मैथिली : किती जवळ?

देवमन : बारा पावलं. माही पावलं, मायाची नाई.

मैथिली : अहो, यापेक्षा पुष्कळ लांब हवा. आणि ही काळी माती. मार्चमध्येच हात जाईल एवढ्या भेगा पडल्यात. खड्ड्यातलं विहिरीत उतरायला वेळ लागत नाही. या बायकांपैकी कोणाला कावीळ झाली होती का?

देवमन : कोनाले नाई.

माया : मैनाबाईले झाली होती. संक्रांतीच्या टायमाले.

देवमन : ती बरी झाली ना पन! माळ घातली होती तिनं. गळ्यातली माळ बेंबीलोक उतरली अन् कावीळ गेली. माळ लांबत जाते तशी कावीळ उतरते, मॅडम. तुमच्या मशीनले नाई समजनार ते.

मैथिली : तेव्हा कामाला येत होती?

देवमन : माळ घालूनच येत होती. मी म्हनलं बाई घरी पड, तं ऐकत नव्हती.

मैथिली : झालं. मग सगळं जुळलं. आता दुसरी तपासणी होईपर्यंत माल बाजारात नेऊ नका, विहिरीत औषध टाकावं लागेल आणि...

देवमन : तुमी सांगान ते करतो. इहिरीत टाका, माह्या डोक्यावर टाका. पन हात जोडतो मॅडम, हा तपासनीचा कागद आजच्या दिवस तुमच्या पिशवीतच राहू द्या. चार वाजता श्यामरावजी येऊन राहिले.

मैथिली : कोण श्यामरावजी?

माया : अनुपचे मोठेबाबा, त्याच्या बाबांचे मोठे भाऊ. अनुप म्हणजे... माझं लग्न ठरलं आहे ना, तो. पोस्टात आहे.

देवमन : नऊ दिवसापूर्वी हिचं साक्षगंध झालं, इथंच, वावरातल्या घरी. अकोल्याहून दोन क्रुझर भरून मानसं आली. जेवले, ढेकर देल्ले, गेले. अन् तिसऱ्या दिवशी पोरगा पिवळा! हळद लागाले अजून दीड महिना हाय मॅडम, अन् आमचा नवरदेव आजच पिवळा होऊन बसला. हिची माय त्याच्यासाठीच उसाचा रस घेऊन अकोल्याले गेली. श्यामरावजी म्हनतात, तुमच्या जेवनानंच झालं. ज्या घरचं जेवन पचत नाई तिथं सोयरीक कराव का नाई, ते बसून ठरवू, म्हनतात. चार वाजता बसून ठरवाले येऊन राहिले, अन् तुमी दोन वाजता हा कागद आनला.

मैथिली : मला नाही लपवता येणार, काका.

देवमन : लपवा कोन म्हनते? उशीर करा. सरकारी कागदाले उशीर झाला तं कोनालेच नवल वाटत नाई.

माया : बाबा, काहीच्या काही नका बोलू.

देवमन : मंग काय करू? तुहं लग्न मोडलं तं लोक काय म्हनतीन? देवमनच्या पोरीचं लग्न सांबारानं मोडलं. हुंड्यानं नाई, सोन्यानं नाई, सांबारानं!

मैथिली : थांबा. कितव्या दिवशी पिवळा पडला म्हणालात?

देवमन : तिसऱ्या. आज सहा दिवस झाले.

मैथिली : मग तुमच्या जेवणानं नाही झालं.

देवमन : आँ?

मैथिली : ही कावीळ पोटात गेली की लगेच नाही उठत. निदान पंधरा दिवस दबा धरून बसते. बहुतेकांना तर महिन्यानं होते. तिसऱ्या दिवशी शक्यच नाही. त्याच्या पोटात जे गेलं, ते महिन्याभरापूर्वी गेलं.

देवमन : महिन्यापूर्वी? महिन्यापूर्वी तं आमी त्याले पायलं बी नव्हतं! पाहनीच वीस दिवसापूर्वी झाली. म्हंजे... माया, माहा फोन कुठं हाय? म्हंजे अकोल्यातच झालं! त्याईच्याच घरी! अन् मी बह्याड सहा दिवसापासून तोंड लपवून राहिलो! आन फोन. श्यामरावजीले म्हनतो, पयले आपलं सैपाकघर तपासा, मंग आमच्याकडे बसाले या.

माया : फोन नका लावू बाबा.

देवमन : काहून नको लावू? सहा दिवस आयकून घेतलं त्यायचं. आता जरा मले बोलू दे.

माया : त्याईच्या घरी नाही झालं ते.

देवमन : तुले काय माईत?

माया : माघी पौर्णिमेले आपली मोटर जळली होती. आठवते का?

देवमन : न आठवाले काय झालं? विहारात कार्यक्रम, अन् इकडं मोटर बंद. मोर्शीहून पिंटू मेकॅनिक आला होता.

माया : अन् पिंटूसोबत?

देवमन : त्याचा मावसभाऊ होता एक. दाढदुखीवाला. तोंडाले दुपट्टा गुंडाळून बसला, हूं नाई का चूं नाई. पिंटूनं पाना मांगला तं त्यानं पक्कड देल्ली. मी पिंटूले म्हनलं बी, हे कोनतं ध्यान आनलं रे सोबत.

माया : तेच ध्यान.

देवमन : तेच म्हंजे?

माया : अनुप.

मैथिली : एक मिनिट हं. मी लिहून घेते.

देवमन : तुमी काय लिहून घेता? इथं माह्या घराचा पत्रा उडून राहिला, अन् ह्या लिहून घेऊन राहिल्या!

माया : तीन वर्षं झाले बाबा. अमरावतीले कॉम्प्युटरच्या क्लासले होतो आमी दोघं. तुमाले सांगाची हिंमत नाही झाली माझी. त्याले एकदा आपलं वावर पाहाचं होतं. तुमाले पाहाचं होतं.

देवमन : पन ते स्थळ तं मी शोधलं! दोन चपला झिजवल्या मी त्याच्यापायी!

माया : पत्ता कोणी देल्ला होता तुमाले?

देवमन : पिंटूनं. ...पिंटूनं!

मैथिली : माया, त्या दिवशी अनुपनं इथं काही खाल्लं होतं का?

माया : बाबाईनंच खाऊ घातलं.

देवमन : दाढ दुखते तं भाकर चावनार कशी त्याले? मले दया आली. मी म्हनलं, माया, याच्यासाठी सांबाराची चटनी वाट पातळशी, भाकर कुस्करून खाईन बिचारा. इहिरीच्या मागं जाऊन, पाठ करून खाल्ली त्यानं. मले वाटलं लाजाळू हाय.

मैथिली : सांबार धुतला होता?

देवमन : चांगला चार पान्यानं! पाहुना मानूस.

मैथिली : कच्ची चटणी. विहिरीचं पाणी. माघी पौर्णिमा... आजपासून पस्तीस दिवस मागे. तो पिवळा पडला सहा दिवसांपूर्वी. म्हणजे एकोणतीस दिवस! अगदी बरोबर बसतं!

देवमन : तुमाले आनंद होऊन राहिला का?

मैथिली : माफ करा. एवढं नेमकं क्वचितच मिळतं. पिंटूनं खाल्ली होती चटणी?

देवमन : दोनदा मांगून खाल्ली. ...तरीच तो आठ दिवसापासून फोन नाई उचलून राहिला.

माया : त्याले बी झाली आहे. घरी पडून आहे, माळ घालून.

देवमन : पन आमी तं रोज खातो! मी, हिची माय, ही. आमाले काहून नाई झाली?

मैथिली : तुम्हाला लहानपणीच होऊन गेली असेल, कळलीही नसेल. एकदा झाली की पुन्हा नाही होत.

देवमन : म्हंजे आमी पक्के अन् अकोल्यावाले कच्चे. बरं झालं. आता दोघीजनी आयका. हे जे इथं बोलनं झालं, ते ह्या बाजेच्या पलीकडे नाई जानार. साक्षगंधाच्या जेवनानं नाई झालं, हे मॅडमच म्हनतात. खोटं तं नाई ना ते? तेवढंच सांगतो. इषय संपला.

मैथिली : काका, साक्षगंधाला कोथिंबीर कच्ची वाढली होती का?

देवमन : परत्येक पानावर. वरून भुरभुरवली. श्यामरावजीनं तं तीनदा मांगली. असा सांबार अकोल्यात नाई, म्हनले. दोन जुड्या गाडीत घालून घेऊन गेले.

मैथिली : धुतलेली?

माया : मीच धुतली, मॅडम. आदल्या दिवशी.

मैथिली : मग अजून काही संपलेलं नाही. अनुपला त्या जेवणानं झाली नाही. पण त्या जेवणानं ज्यांना व्हायची, ते अजून हिंडताहेत, हसताहेत. पुढच्या आठवड्यापासून पडायला लागतील.

देवमन : किती जन?

मैथिली : सांगता नाही येत. तुमच्यासारखे पक्के असतील ते वाचतील. पण याच्यावर लस आहे, आणि चौदा दिवसांच्या आत घेतली तर उपयोग होतो. आज नऊ झाले. त्यांनी डॉक्टरांना आजच गाठायला हवं. घरात कोणी म्हातारं, आजारी आहे का?

माया : आजी आहे, ऐंशीची. अन् वहिनी. सातवा महिना आहे तिले.

मैथिली : तिला तर आजच.

देवमन : म्हंजे मी गप बसलो तं लग्न होते.

मैथिली : होईल कदाचित.

देवमन : अन् वऱ्हाड पिवळं येते.

मैथिली : हो.

देवमन : अन् खरं सांगतलं तं वऱ्हाडच येत नाई. माया, तू बोल. लग्न तुहं हाय.

माया : वहिनी मले रोज फोन करते बाबा. बाळाचं नाव तू सुचव, म्हणते. मी काय बोलू?

देवमन : मंग रडून काहून राहिली? नको रडू. आन तो फोन.

माया : माझं नाव घ्या तुमी. मी बोलावलं होतं त्याले, म्हणून सांगा.

देवमन : तुले कोनी इचारलं? फोन लाव. ...जयभीम, श्यामरावजी! निघाले का? ...नाई, या ना, पन पयले माहं आयका. अनुपच्या काविळीचं समजलं. चूक माही हाय. ...सैपाकाची नाई, इहिरीची. संडासाचा खड्डा इहिरीजवळ घेतला मी. ...नाई, साक्षगंधाच्या दिवसाचं नाई. माघी पुनवेचं. ...हो, पाहनीच्या आधीचं. ...हो, आला होता आमच्या वावरात. ...मोटर दुरुस्त कराले. ...हो हो, पोस्टातलाच पोरगा, तुमचाच. ...मीच खाऊ घातलं त्याले. दाढ दुखत होती त्याची. ...नाई, मायाचा काई संबंध नाई, तिनं फक्त चटनी वाटली. ...ते सोडा श्यामरावजी, मंग मले काय बोलाचं ते बोला. आता घरच्याईले दवाखान्यात न्या. आजीले न्या, सूनबाईले पयले न्या. त्या दिवशी तुमी सगळ्याईनं माहा सांबार खाल्ला हो. ...चौदा दिवसात लस घ्या लागते. ...श्यामरावजी? ...हॅलो?

माया : काय झालं?

देवमन : ठेवला फोन.

मैथिली : रागावले?

देवमन : त्याईलेच माईत. ...हा पाहा, आला त्यायचाच. हॅलो. ...हाय, इथंच हाय. घ्या मॅडम, तुमाले मांगून राहिले. शिव्या देल्ल्या तं मनावर नका घेऊ, त्या माह्या हाय.

(मैथिली फोन आणि वही घेऊन लिंबाखाली जाते. बराच वेळ बोलत राहते.)

माया : बाबा, राग आला?

देवमन : आला. तीन वर्षं! अन् मी रस्त्यानं दिसन त्याले इचारत फिरलो, पोस्टातला पोरगा कसा हाय हो, म्हनून. लोक हसत असतीन.

माया : पण पाहणीच्या दिवशी तुमी म्हणले होते, पोरगा डोळ्यात डोळे घालून बोलते, आवडला मले.

देवमन : तवा दुपट्टा नव्हता ना तोंडाले. आवडला, तं आवडला. आता काय नाई म्हनू? पन एक सांगतो. ज्याले पाना अन् पक्कड समजत नाई, त्याच्या घरी खिळा बी तुलेच ठोका लागन.

माया : ठोकीन मी.

देवमन : घर राहिलं तं.

माया : संडास पाडता का आता?

देवमन : पाडू कशाले? बायाईनं काय गुन्हा केला? खड्डा बुजवतो अन् धुऱ्याजवळ, वावराच्या कडेले, नवा घेतो, दूर. पन्नास पावलं. तुही पावलं नाई, माही. ...आल्या ह्या. मॅडम, काय म्हनले?

मैथिली : आधी खूप ओरडले. मग लशीचं विचारलं. मग म्हणाले, लिहून घ्या, आमच्या घरचे अठरा जण आहेत, डॉक्टरला यादी दाखवायची आहे. सगळ्यांची नावं सांगितली, वयं सांगितली.

देवमन : अन् लग्नाचं?

मैथिली : त्याचं काही बोलले नाहीत. मी लिहीत होते, तर सतराच भरले.

देवमन : घाईत इसरले असतीन एखाद्याले.

मैथिली : मलाही तसंच वाटलं. म्हणून विचारलं, अठरावं कोण? तर माझ्यावरच खेकसले. 'माया कोनाच्या घरची हाय मंग?' म्हणाले.